उलट्या वर्गातलं आमचं टेबल

पोल्लाची
११ जानेवारी २०१६

जेबराज,

माझं सगळं बदललं ते कयल्विळीने माझ्या हातातला खडू काढून घेतला त्या क्षणी. त्याआधी मी बरा मुलगा होतो. तू म्हणशील, लेका, तू कधी बरा होतास? पण आई अजून तसं सांगते, विचार तिला.

मी फोन मध्येच कापतो म्हणून तू मला पत्र लिहायची शिक्षा दिलीस. पत्र अर्ध्यात कापता येत नाही, फार तर फाडता येतं, असं म्हणालास. बरं. घे पत्र.

मी मामांच्या मोटर वाइंडिंगच्या दुकानात बसतो. दिवसभर तांब्याची तार गुंडाळायची आणि नारळवाल्यांच्या शिव्या खायच्या, कारण पंप जळला की चूक नेहमी आमची. काल मामा म्हणाले, "कॉलेज सोडून आलास ना? मग त्याचंच तुणतुणं काय लावलंयस?" म्हणून त्यांना आपला उलटा वर्ग समजावून सांगायला बसलो. म्हटलं, मामा, आमच्याकडे लेक्चर वर्गात नसायचं. एका मोठ्या संस्थेतल्या सरांचे व्हिडिओ होते, जगात कुणीही पाहावेत असे. ते आदल्या दिवशी पाहून यायचं, आणि घरी करायची गणितं वर्गात करायची, तिघा-तिघांनी, भांडत. मामांनी हातातली तार खाली ठेवली. मग म्हणाले, "म्हणजे जेवण घरून करून जायचं आणि हॉटेलात जाऊन भांडी घासायची?"

हो मामा, पण भांडी घासायला शेजारी कोण उभं असतं ते बघा ना! हे अर्थात मनात.

जुलैतला पहिला तास आठव. वैरवन सरांनी बाकांच्या रांगा मोडून, बाकं जोडून तिघा-तिघांची टेबलं करायला लावली, स्कूटरचं हेल्मेट उलटं धरलं आणि त्यातून चिठ्ठी काढली. माझंच नाव. मी ऐटीत फळ्याशी गेलो. व्हिडिओ पाहिला होता, पण दुप्पट वेगाने. त्या वेगात आपले डब्यातले, म्हणजे व्हिडिओतले, सर चिमणीसारखे बोलतात. गणित सोडवलं, तर प्रवाहाचं उत्तर आलं उणे. मी घाबरून पुसायला लागलो. आणि सर? हात पाठीशी बांधून नुसतं "हं, पुढे?" पुढे काय, माझं कपाळ! तेव्हा ती उठली, खडू घेतला आणि म्हणाली, "पुसू नकोस. उणे आलं म्हणजे चुकलं नाही. तू धरलास त्याच्या उलट्या दिशेने प्रवाह वाहतोय, एवढंच. दुप्पट वेगाने पाहिलंस ना? हे ते दोनदा सांगतात."

त्या दिवसापासून मी एकही व्हिडिओ पळवला नाही. उलट एकेक दोनदा पाहिला, तिच्याशी भांडता यावं म्हणून.

आणि त्याच मुलीला सरांनी ऑक्टोबरमध्ये, ती तपासणीची समिती मागे फायली घेऊन बसलेली असताना, वर्गाबाहेर काढलं. "पाहिलं नाहीस? बाहेर बस, पाहून ये." परक्या माणसांसमोर! मी उठलो आणि बोललो ते बोललो. त्याचा मला पश्चात्ताप नाही. मी तिच्यासाठी कॉलेज सोडलं, जेबराज. आणि पोंगल आला तरी तिचा एक शब्द नाही. मला फक्त एवढं सांग, ती माझ्याबद्दल काय म्हणते?

तुझा
मुगिलन

*

कोईमतूर, वसतिगृह
२४ जानेवारी

मुगिलना,

पत्र पोचलं. वॉर्डनने आधी वास घेऊन पाहिला, प्रेमपत्र आहे का म्हणून. मी म्हटलं, आहे, पण माझं नाही.

पोंगलला घरी जाऊन आलो. आईने तुझी चौकशी केली. तू कॉलेज सोडलंस म्हटल्यावर तिने प्रार्थनेत तुझं नाव माझ्या नावाच्या आधी घेतलं, आता बोल. इथे सांबार तसंच आहे, त्यातल्या मुरुंग्याच्या शेंगा मोजक्याच. सुकुमारनने तुझी खाट घेतली, गादी मात्र नको म्हणाला. तुझ्या गादीचा काय तो लौकिक!

या सत्रात वैरवन सर मशीन्स शिकवतात. सर बरे आहेत. कयलही बरी आहे. सर्किटच्या पेपरात वर्गात पहिली आली. मी पास झालो, याला आमच्याकडे चमत्कार म्हणतात आणि मेणबत्ती लावतात.

ती तुझ्याबद्दल काय म्हणते, हे विचारलंस. ती फारसं काही म्हणत नाही. तुला एक उलटा प्रश्न विचारू? रागवू नकोस. तू तिच्यासाठी कॉलेज सोडलंस, हे तिला कुणी सांगितलंय का? म्हणजे तिने मागितलं होतं का काही? मी आपला विचारतोय. मी साधा माणूस आहे, मला हेल्मेटमधून नाव निघालं तरी घाम फुटायचा.

प्राचार्यांच्या ऑफिसातली ती बाई म्हणाली, मुगिलनने नाव काढून घेतलंय, पण जूनमध्ये पुन्हा अर्ज करता येतो. वर्ष वाया जाईल एवढंच. मी ऐकून ठेवलं. तू ऐकणार नाहीस, म्हणून लिहून ठेवलं.

जेबराज

*

पोल्लाची
२ फेब्रुवारी

जेबराज,

तुझं पत्र म्हणजे वसतिगृहाचं सांबार आहे. ढवळत राहावं, हाताला काही लागत नाही. "सर बरे आहेत, कयल बरी आहे." अरे, मी काय त्यांची तब्येत विचारली होती? आपल्या टेबलावर काय चाललंय ते सांग ना! खिडकीशेजारचं, ज्याचा एक पाय तोकडा होता आणि खाली तुझी चप्पल सरकवावी लागायची. माझ्या जागेवर कोण बसतं? सुकुमारन असेल तर त्याला म्हणावं खाट घेतलीस तेवढी पुरे.

दुकानात दुपारी गिऱ्हाईक नसतं. मामा डबा खाऊन लवंडतात, मामी टीव्ही लावते, आणि मी तो वर्ग डोळ्यांसमोर पुन्हा पहिल्यापासून लावतो. तो दिवस आठवतो? आपल्या तिघांची तीन वेगळी उत्तरं आली होती. तू म्हणत होतास माझं बरोबर कारण ते सगळ्यात छोटं आहे. कयल म्हणत होती, "छोटं म्हणजे बरोबर, असं तुझ्या उंचीवरून ठरवलंस का?" सर येऊन मागे उभे राहिले. आपल्याला वाटलं आता ओरडा. त्यांनी तिन्ही वह्या पाहिल्या आणि हात चोळले. "तीन माणसं, तीन चुका! वा, आज मजा आहे." आणि खरंच खुर्ची ओढून बसले. तास संपला तरी आपण उठलो नाही. तिने लिंबूभाताचा डबा मध्ये ठेवला आणि सरांनीही त्यातला घास घेतला, कागदावर बाण काढत काढत. सरांच्या मिशीला शेंगदाण्याचं साल लागलं होतं. कुणीच सांगितलं नाही.

मी शाळेत बारा वर्षं बसलो, जेबराज, पण मला शाळेतला एकही दिवस असा आठवत नाही.

आणि ती बोलायची कशी! पहिले दोन आठवडे एवढी हळू, की पुढे वाकून ऐकावं लागायचं. मला काय, मी आनंदाने वाकायचो. पण पुढे पुढे पलीकडच्या टेबलावरच्यांना ओरडून सांगायची, "ए, तुमच्या सर्किटचा दुसरा वळसा चुकलाय!"

तर ऐक. सोबत एक चिठ्ठी घातली आहे. तिला दे. उघडू नकोस. गांधीपुरमच्या दुकानातून घेतलेल्या हिरव्या बांगड्या अजून माझ्याकडे आहेत, तेही त्यात लिहिलंय. समितीच्या आदल्या दिवशी घेतल्या होत्या. द्यायचं राहून गेलं, कारण दुसऱ्या दिवशी मी बस पकडली.

मुगिलन

*

कोईमतूर
१२ फेब्रुवारी

मुगिलना,

चिठ्ठी दिली. उघडली नाही. तिने माझ्यासमोर वाचली, घडी घातली आणि मशीन्सच्या पुस्तकात ठेवली. चेहऱ्यावरून मला काही कळलं नाही, आणि तू म्हणतोस तसा मी सांबारच.

आता सांगतो. मागच्या पत्रात टाळलं होतं.

आपलं टेबल नाही. कुणाचंच टेबल नाही. तू गेलास त्याच्या पुढच्या सोमवारी आम्ही आलो, तर बाकं पुन्हा रांगेत होती. सर व्यासपीठावर उभे. हेल्मेट नाही, काही नाही. हजेरी घेतली, वही उघडली आणि सांगायला लागले, "लिहून घ्या. पहिलं शीर्षक." आम्हाला वाटलं, एक दिवसाचा राग आहे. पण तो दिवस आणि आजचा दिवस. सर्किटचा उरलेला भाग तसाच संपवला आणि आता मशीन्सही तशाच. वही उघडतात, वाचतात, मिटतात. खाली उतरत नाहीत. प्रश्न विचारला तर म्हणतात, "पान अमुक, तिथे दिलंय." "हं, पुढे?" हे शब्द मी तेव्हापासून ऐकलेले नाहीत.

त्यांच्या वर्गात आता फार शांतता असते. टाचणी पडली तर ऐकू येईल, आणि पडली तर उचलायला मुलं भांडतील, एवढा कंटाळा असतो.

तू काय बोलला होतास ते तुला नीट आठवतं का? मला आठवतं, मी तुझ्या शेजारीच होतो. "शिकवतो तो डब्यातला, पगार घेता तुम्ही. बाहेर जायचं असेल तर तुम्ही जा." मागे समितीतला तो टकलू हसला. आपली मुलंही हसली. मीही हसलो असेन, भीतीने हसतो मी. सर हसले नाहीत. तू दार आपटून गेलास, म्हणून तुला त्यांचा चेहरा दिसला नाही.

जेबराज

*

पोल्लाची
१६ फेब्रुवारी

वा रे मित्रा!

म्हणजे चार महिने तू मला हे सांगितलं नाहीस? फोनवर नाही, पत्रात नाही. मी इथे दुपारच्या दुपार त्या टेबलाची आठवण काढतोय आणि तिथे टेबलच नाही! तुला लाज वाटली नाही?

आणि हे काय, सगळं माझ्यामुळे? एक पोरगा रागाने दोन वाक्यं बोलतो आणि इतक्या वर्षांचा मास्तर रुसून बसतो? एवढे तकलादू आहेत का ते? पलीकडच्या टेबलावरच्या वसंतमल्लीने व्हिडिओ पाहिलेला नसायचा तेव्हा तिलाही ते बाहेर पाठवत, तुलाही दोनदा पाठवलं, मलाही, हे मला माहीत आहे. व्हरांड्यात त्यांचा टॅबलेट घेऊन बसायचं, पाहायचं आणि परत यायचं. पण ते आपल्या आपल्यात होतं! परक्यांसमोर तिला उभं करून नाही. मी खोटं काय बोललो? शिकवत डब्यातलेच होते.

मामांनी विचारलं, "कुणाचं पत्र? चेहरा का जळालेल्या मोटरीसारखा?" मी त्यांच्यावर ओरडलो. मग मामी माझ्यावर ओरडली. आता तिघंही बोलत नाही आहोत.

तिने चिठ्ठी वाचून काय म्हटलं ते सांग. बाकी काही लिहू नकोस.

मु.

*

कोईमतूर
२५ फेब्रुवारी

मुगिलन,

जेबराज म्हणाला की तू उत्तराची वाट पाहतोयस. पत्ता त्याच्याकडून घेतला. हे एकच पत्र लिहीन, म्हणून नीट वाच, दुप्पट वेगाने नको.

बांगड्यांबद्दल आधी. मी बांगड्या घालत नाही. लॅबमध्ये चालत नाहीत आणि मला आवडतही नाहीत. चार महिने शेजारी बसून तुला माझे हात दिसले नाहीत?

आता समितीचं. त्या दिवशी मी व्हिडिओ पाहिला नव्हता, कारण तसं ठरलं होतं. आदल्या संध्याकाळी लायब्ररीत सरांनी आम्हा काही जणांना विचारलं. ते म्हणाले, उद्या सगळे पाहून आले तर पाहुण्यांना वाटेल, हा हुशार मुलांचा खेळ आहे. ज्याच्याकडे फोन नाही, नेट नाही, त्याचं काय होतं ते त्यांना दिसायला हवं. न पाहता आलेला मुलगा बाहेर बसतो, दहा मिनिटांत पाहतो, परत येतो आणि टेबलावरचे दोघं त्याला सोबत घेतात, हे दिसायला हवं. न पाहता कोण येईल? मी हात वर केला. घरी फोन मोठ्या भावाचा, अण्णाचा असतो, मला तसंही पुष्कळदा व्हरांड्यातच पाहावं लागायचं. मला त्यात काही कमीपणा नव्हता. उलट मला वाटत होतं, उद्या मी बाहेर जाईन, परत येईन आणि त्या सगळ्यांसमोर फळ्यावर सोडवीन. मी रात्रभर... नाही, एवढंच लिहिते की मी फार खूश होते.

तू तिथे नव्हतास. जेबराज म्हणाला, कामाला गेलाय. तुला सांगायचं त्याच्याकडे होतं. तो म्हणतो, तू खोलीवर आलास ते बांगड्यांबद्दलच बोलत राहिलास आणि त्याला तोंड उघडू दिलं नाहीस. यावर माझा पूर्ण विश्वास आहे.

मी व्हरांड्यात टॅबलेट हातात घेऊन बसले होते. व्हिडिओ अर्धाही झाला नव्हता. आत तुझा आवाज ऐकू आला, मग हसणं, मग तू माझ्या समोरून गेलास आणि जाताना माझ्याकडे असं पाहिलंस, जसं काही मला कुठून सोडवून आणलंस. मी आत गेले तेव्हा समिती उठत होती. मला फळ्यापर्यंत जाताच आलं नाही.

तू म्हणतोस, माझ्यासाठी भांडलास. मला विचारलं होतंस?

तुला माहीत नसेल, आपण येण्याआधी वैरवन सरांचं व्याख्यान ऐकायला मेकॅनिकलची मुलं खिडकीत उभी राहायची. टाळ्या पडायच्या म्हणे. ते त्यांनी आपणहून बाजूला ठेवलं, आपण बोलावं म्हणून. त्या माणसाला तू पगाराचं बोललास. समितीच्या कागदात "या पद्धतीचा पुनर्विचार व्हावा" एवढंच आहे, मी विचारून आले. बाकं सरांनी स्वतः सरळ केली.

घरी मी काही विचारलं तर अण्णा म्हणतो, तुला काय करायचंय. शाळेत मी पहिल्या बाकावर बसून सगळं लिहून घेतलं, कुणी मला कधी काही विचारलं नाही. त्या खोलीत मी पहिल्यांदा चुकीचं उत्तर मोठ्याने बोलले आणि काही बिघडलं नाही. आता मी पुन्हा लिहून घेते. अक्षर चांगलं आहे माझं, सगळे म्हणतात.

मला उत्तर नको. माझ्यासाठी काहीही करू नकोस.

कयल्विळी

*

पाळैयंकोट्टै
८ मार्च

मुगिलना,

मला कांजिण्या आल्या आहेत. घरी आलोय. आई चर्चला जाते आणि परत येताना शेजारच्या आक्कांकडून कडुनिंबाच्या डहाळ्या घेऊन येते. माझ्या उशाखाली पाला आणि उशावर क्रूस आहे. दोघांपैकी ज्याला जमेल त्याने बरं करावं, असं तिचं म्हणणं. हे पत्र धुरी देऊन पाठवतोय, पण वाचून हात धू.

कयलने तुला लिहिलं, हे तिने सांगितलं. काय लिहिलं ते नाही. पण ज्या अर्थी तुझं तेव्हापासून काहीच आलं नाही, त्या अर्थी सगळं लिहिलं असणार.

हो, सांगायचं माझ्याकडे होतं. मी तीन वेळा "अरे ऐक" म्हटलं. तू तिन्ही वेळा "हिरव्या की लाल?" म्हणालास. मी शेवटी म्हटलं, हिरव्या. एवढाच माझा गुन्हा.

मी नसल्याने ती आता बाकावर एकटीच असेल. तू ये असं मी म्हणत नाही. तू आलास तर कुणाचं तरी डोकं फोडशील, याची मला खात्री आहे. मला फक्त खाज फार सुटते आणि कुणाशी तरी बोलावंसं वाटतं. लिही.

जेबराज

*

कोईमतूर, बस स्टँड
१५ मार्च

जेबराज,

कांजिण्यांना हात लावू नकोस, खड्डे पडतात. आधीच तुझ्या तोंडाला कोण विचारतं.

आत्ताच कॉलेजातून बाहेर पडलोय. पोल्लाचीच्या बसला वेळ आहे. तू तिथे नव्हतास आणि हे तुला सुकुमारनच्या तोंडून कळलं तर तो सगळी वाट लावून सांगेल, म्हणून इथेच लिहितो.

तिचं पत्र आलं तेव्हा मी ते दुकानात उभ्याने वाचलं. मग बसून वाचलं. पहिल्यांदा राग आला. मला राग येतो तेव्हा मी काहीतरी फेकतो, तुला माहीत आहे, पण हातात मामांची नवी मोटर होती. मग पुढचे काही दिवस नुसती तार गुंडाळली. एका दुपारी मामा म्हणाले, "तुझं ते उलटं हॉटेल बंद पडलं का?" मी म्हटलं, हो, मीच पाडलं. दुसऱ्या दिवशी सकाळी म्हणाले, "आज दुकानात तुझं काम नाही. कुठे जायचं ते जा."

सरांच्या खोलीत गेलो. ते उत्तरपत्रिका तपासत होते. वर न बघता म्हणाले, "नाव कमी केलंय तुझं. दाखला हवाय?"

"नाही सर. माफी मागायला आलोय."

"दिली. जा."

बस्स! मी येताना बसमध्ये भलंमोठं भाषण पाठ केलं होतं. त्यातला पहिला शब्दही लागला नाही. मी उभा राहिलो. ते म्हणाले, "अजून काय?"

"सर, मला माहीत नव्हतं की ते ठरवून होतं."

तेव्हा त्यांनी पेन ठेवलं. "ठरवून नसतं, तर तू बोललास ते बरोबर ठरलं असतं का?" आणि पुन्हा पेन उचललं. "माझा तास आहे. मला वही शोधायची आहे."

मी बाहेर आलो. कानशिलं तापली होती. कुणावर, ते विचारू नकोस. वर्ग रिकामा होता. तू म्हणालास तशा रांगा, एकामागे एक, बसच्या सीटसारख्या. आणि जेबराज, मी ते बघून विचार वगैरे केला नाही. पहिलं बाक धरलं आणि ओढलं. केवढा आवाज! लाकडी बाक आणि ती फरशी. दुसरं ओढलं. मुलं यायला लागली. दारात थांबून बघत होती. सुकुमारन म्हणाला, "ए, हा वेडा परत आला रे." कुणी हात लावेना. सर काय म्हणतील म्हणून. मी एकटाच घामाघूम, शर्ट बाहेर आलेला, एक बाक भिंतीला अडकलेलं आणि ते हलता हलेना.

तेवढ्यात कयल आली.

दप्तर खांद्यावर, तशीच उभी. मी म्हटलं, "तुझ्यासाठी नाही करत. शपथ."

तिने सगळ्या खोलीकडे एकदा पाहिलं. म्हणाली, "चुकीचं लावतोयस."

"काय?"

"या तिघांची पाठ फळ्याकडे येते. तिरकं लाव." आणि दप्तर खाली ठेवून तिने त्या अडकलेल्या बाकाचं दुसरं टोक धरलं. "उचल. ओढू नकोस, खालच्या वर्गात परीक्षा आहे."

मग वसंतमल्ली आली. मग सुकुमारन, म्हणे "मी सांगितलं नाही तर तुम्हाला जमणार नाही." पाहता पाहता सगळी खोली फिरली. कोण कुणाच्या टेबलावर, यावरून पहिल्यासारखीच भांडणं. आमच्या टेबलावर ती आणि मी, आणि तुझी जागा रिकामी.

सर दारात आले. वही काखेत. जेबराज, मी त्यांचा चेहरा या वेळी पाहिला. ते रागावले नव्हते. घरी पाहुणे आलेत आणि आपण गंजीफ्रॉकवर आहोत, तसा काहीसा चेहरा झाला होता. ते व्यासपीठावर गेले, वही उघडली. "लिहून घ्या," म्हणाले. कुणीही पेन उघडलं नाही.

कयल उभी राहिली. "सर, ट्रान्सफॉर्मरचा भाग मी पाहिला. डब्यातल्या सरांचा मशीन्सचाही कोर्स आहे. आम्ही बरेच जण पाहतोय."

"बरं."

"मला एक कळलं नाही."

"वहीत आहे ते. मागच्या आठवड्यात सांगितलं."

"वहीत आहे, सर. लिहूनही घेतलं. पण कळलं नाही."

सर वहीकडे बघत राहिले. त्या वहीच्या कडा पिवळ्या झाल्या आहेत, लक्षात आलंय का तुझ्या? मग म्हणाले, "काय कळलं नाही?"

"पलीकडच्या तारेला काहीच जोडलेलं नाही, तरी अलीकडे थोडा प्रवाह वाहतोच. तो कशाला वाहतो? त्याचं काम काय?"

"कुणाला माहीत आहे?" सरांनी वर्गाला विचारलं. मला माहीत होतं, लेका! दुकानात रोज तेच बघतो. उत्तर जिभेच्या टोकावर आलं होतं. कयलने माझ्याकडे नुसतं पाहिलं, आणि मी आयुष्यात पहिल्यांदा तोंड मिटून बसलो.

सुकुमारन म्हणाला, "सर, लोखंड तापवायला." वसंतमल्ली म्हणाली, "काहीतरीच! मग इस्त्रीच घे ना." कुणीतरी म्हणालं, चुंबक करायला. तिकडून आवाज आला, मग चुंबक काय फुकट होतं का. सर ऐकत होते. त्यांनी वही मिटली. मिटून टेबलावर ठेवली नाही, हातात काही क्षण तशीच धरली, जणू कुठे ठेवायची ते आठवत नव्हतं. मग व्यासपीठावरून उतरले. पायरीशी जरा चाचपडले. पहिल्या टेबलाशी जाऊन उभे राहिले, हात पाठीशी.

"हं," म्हणाले. "पुढे?"

मला वाटलं मी आता रडणार. म्हणून खाली बघायला लागलो.

सर टेबलाटेबलावरून फिरत आमच्यापाशी आले. मला पाहिलं. हळूच, फक्त आम्हाला ऐकू येईल असं म्हणाले, "हा तास पटावर नाव असलेल्यांचा आहे, मुगिलन."

"हो सर."

"ऑफिसात अर्ज जूनमध्ये मिळतात."

"हो सर."

मी उठलो. कयलला काहीतरी सांगावंसं वाटलं. काय, ते आत्ताही कळत नाहीये. "येतो" म्हणालो असेन. तिने ऐकलंही नाही. ती अर्धी उठून, टेबलावर दोन्ही हात टेकून पलीकडच्या सुकुमारनला ओरडत होती, "अरे, तापलं तर तो तोटा झाला! मी काम विचारतेय, काम!" केस कपाळावर आलेले, गाल लाल, आवाज खोलीभर. मी तिला तसं ऑक्टोबरपासून पाहिलं नव्हतं, आणि खरं सांगू, ती त्या वेळी जेवढी सुंदर दिसत होती तेवढी माझ्याकडे बघताना कधीच दिसली नव्हती.

भांडणाऱ्या टेबलांमधून वाट काढत मी निघालो. कुणी मान वर केली नाही. व्हरांड्यात शेजारच्या वर्गावरचे सर बाहेर येऊन कपाळाला आठ्या घालून उभे होते, हा गोंधळ कसला म्हणून. मी त्यांना नमस्कार केला, वळलो, आणि आतला आवाज आतच राहावा म्हणून दार हळूच ओढून लावून घेतलं.